दादा बोटीवर चढायचा

दादा गेला, तेव्हा ज्ञातीच्या मासिकासाठी त्याच्यावर दीड पान लिहायला मला महिना लागला. छापण्याआधी संपादकांनी मजकूर नजरेखालून घालायला पाठवला. माझं 'दादा बोटीवर चढला' त्यात नव्हतं. तिथे होतं, 'ज्येष्ठ बंधू जहाजावर आरूढ झाले.'

मी फोन केला. संपादक हसले. "अहो गुरुजी, चढायला बोट काय माड आहे? फार गावंढळ वाटतं."

ज्याने कधी होडीच्या फळीवर पाय ठेवला नाही, त्याने हे मला सांगावं! आरूढ होतात घोड्यावर, सिंहासनावर. माझा भाऊ खलाशी होता. बोट पुष्कळदा बंदराबाहेर नांगरलेली असायची. लाँच तिच्या अंगाला लागली की हलती दोरशिडी धरून तो वर जायचा. याला आमच्याकडे चढणंच म्हणतात. वर पोचला की फोनवर घरी एकच शब्द यायचा, "चढलो." तो शब्द येईपर्यंत वहिनी अंगण झाडायची नाही; माणूस वाटेत असताना मागे केर काढू नये म्हणतात. एकदा समुद्र खवळलेला, चार दिवस फोन नाही. अंगणात फणसाच्या वाळक्या पानांचा पातेरा घोट्याएवढा साचला. शेजारीण कुंपणाच्या गडग्यावरून म्हणाली, "काय गो, केरसुणी पण बोटीवर नेलीन की काय?" वहिनी आत गेली. त्या शब्दाची वाट बघत ती चार दिवस नीट जेवली नव्हती, आणि संपादकांना तो गावंढळ वाटतो.

वहिनीला आता बारीक अक्षर दिसत नाही. संपादकांनी सुधारलेला मजकूर मी तिला वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "भावजी, हे कोणाबद्दल आहे?"

त्याच दुपारी मी संपादकांना लिहिलं, माझा शब्द परत घाला, नाहीतर लेख काढा. त्यांनी लेख काढला. त्या जागी वधूवर मेळाव्याचं निवेदन आलं. येऊ दे.

मग मी वहीतलं मूळचं लिखाण वहिनीला वाचून दाखवलं. शिडीपाशी तिने मला थांबवलं.

"शिडीवर त्यांचे पाय थरथरायचे. दर खेपेला. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, धाकटा हसेल म्हणून." मग म्हणाली, "आता लिहा."