चालेल म्हणतात

कुणाचंही बोलणं आम्हाला मराठीत सांगण्याआधी गुरुजी डोक्यावरची टोपी काढायचे, तिच्या आत क्षणभर बघायचे आणि पुन्हा घालायचे. मग म्हणायचे, "चालेल म्हणतात, साहेब." समोरचा माणूस पाच मिनिटं बोललेला असो की पंधरा, टोपीतून निघायचं ते एवढंच.

साहेब म्हणजे आम्ही, विशीतले पाच विद्यार्थी. इंजिनियरिंगच्या उन्हाळी सुट्टीत सातपुड्यातल्या एका पाड्यासाठी पाण्याची सोय आखायला आलो होतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं, आम्हीही नवेच. निघताना प्राध्यापकांनी बजावलं होतं, "नुसतं स्वतःचं डोकं चालवू नका. लोकांबरोबर बसा, त्यांना विचारून नकाशा काढा." आम्ही विचारत होतो. पण पाड्यावर बोलायचे पावरी, आणि आम्हाला येत होती फक्त मराठी. मध्ये गुरुजी. मूळचे तापीकाठच्या प्रकाशा गावाकडचे, घरची बोली अहिराणी. चार वर्षं पाड्यावरची शाळा एकट्याने चालवता चालवता पावरी शिकलेले.

पहिल्याच दिवशी एका म्हातारीने आमच्या ताटांतल्या भाकऱ्यांकडे बोट दाखवून यथेच्छ तोंडसुख घेतलं. "पोटभर जेवा म्हणतात," गुरुजी म्हणाले. मागे बसलेली शाळेची मुलं हसून हसून आडवी झाली. म्हातारी खरं काय म्हणाली ते तुम्हीही ओळखलं असेल. गुरुजी प्रत्येक बोलण्यात गूळ घालतात हे आम्हाला कळून चुकलं होतं. खोटं कशाला सांगू, ते आम्हाला आवडतही होतं.

पाड्याचा जीव एका झऱ्यावर होता. खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार, वैशाखात तीही थेंब थेंब. सुरुंग लावून फट रुंद करायची आणि खाली दगडी टाकं बांधायचं, असा आमचा आराखडा. मातीत काडीने रेघा ओढून तो आम्ही सगळ्यांना दाखवला. तीच म्हातारी उठली. हात पुन्हा पुन्हा जमिनीकडे नेत बोलली, आणि चालत जाऊन त्या खडकावर बसली. गुरुजींनी टोपी काढली. या वेळी आत जरा जास्तच वेळ बघितलं.

"चालेल म्हणतात. सांभाळून करा म्हणतात."

खडकावर जाऊन बसलेल्या बाईचं म्हणणं कळायला भाषा लागते का? पण आम्ही टेप उलगडायला घेतली. गुरुजींनी समजूत घालत म्हातारीला हाताला धरून बाजूला नेलं.

सुरुंग उडाला तसं पाणी भसकन बाहेर आलं. मुलं नाचली, आम्ही नाचलो. संध्याकाळपर्यंत धार बारीक झाली. तिसऱ्या दिवशी फट कोरडी ठणठणीत. पाणी खडकाखाली कुठेतरी उतरून गेलं होतं. आम्ही वेड्यासारखे खणत सुटलो, हात सोलून निघाले, पाणी काही लागलं नाही. आता पाणी फक्त खालच्या दरीत. भरला हंडा घेऊन वर यायला बाईचा अर्धा दिवस जायचा.

गुरुजी त्या फटीपाशी बसले आणि पहिल्यांदाच आमच्याशी घरच्या बोलीत बोलले. "माले समजनं व्हतं, भाऊ. खडकले हात नका लावा, पानी खाले निंघी जाई, आसं बोलनी ती माय. मी तुमले सांगं नही."

"का नाही सांगितलंत?" मी ओरडलो.

"खरं सांगतू ते तुम्हीबी निंघी जातात. चार साल अर्ज धाडात, कोनी उना नही."

आम्हीही निघून जाऊ म्हणून! मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्यातलं निम्मं मला स्वतःला लागू होतं. त्या दिवशी त्यांनी पाड्यातल्या सगळ्यांना बोलावून पावरीत आपली चूक सांगितली. कुणी शिवी दिली नाही. बायका हंडे उचलून दरीकडे निघाल्या.

कॉलेज उघडलं, आम्ही परतलो. पावसाळ्यात गुरुजींचं काही आलं नाही. हिवाळा सरता सरता एक कार्ड आलं: मुलं पाण्याला जातात, वर्ग रिकामा असतो, ज्यांना दरी चढवत नाही त्यांच्यासाठी मी कावड आणतो. नंतर दुसरं: पाच घरं मजुरीला खाली गेली, माझी बदली सपाटीवर झाली आहे, मी जाणार नाही. तिसरं कार्ड आलं नाही.

वैशाखात मी एकटाच गेलो. डोंगराच्या पायथ्याशी चहा घेताना विचारलं. दुकानदार कप विसळत म्हणाला, "ते गुरुजी? कावडसंगे दरीमा पडनात, तठेच गयात. महिना व्हई गया."

पाड्यावर बहुतेक झोपड्यांचे खांबसुद्धा लोकांनी उपटून नेले होते. एका दारात ती म्हातारी बसली होती. मी फक्त "गुरुजी" एवढंच म्हणू शकलो. ती बराच वेळ बोलली, दरीकडे हात करून बोलली, मधूनच माझ्याकडे बोट दाखवून बोलली. ती मला दोष देत होती की रडत होती, ते सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

मग ती आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन आली. ते कुठून आणि कसं वर आलं असेल ते मला ठाऊक होतं. मी "नको, नको" म्हणत राहिलो. तिला ते कळेना. ती लोटा पुढे करतच राहिली.