सात चौकोन

विलास गेल्याचं त्याच्या बायकोनं, मीनावहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आमच्या हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर होते. समोर रांग होती... मी गोळ्या देत राहिले. रडू घरी गेल्यावर आलं, त्याआधी रागच आला. पन्नाशीही न गाठलेल्या माणसानं असं न सांगता जावं?

विलास आमचे कॉम्प्युटर सांभाळायचा. औषध कसं घ्यायचं ते पेशंटला मराठीत छापून द्यायचं, हा हट्ट त्याचाच. पूर्वी आम्ही पाकिटावर पेनानं गोल काढायचो. जितके गोल तितक्या गोळ्या. त्यानं नवा कॉम्प्युटर बसवला, पडद्यावर मराठी लख्ख दिसली आणि स्वारी खूश. पण पडद्यावरची अक्षरं प्रिंटरलाही ठाऊक असावी लागतात. ती नव्हती. गोळीच्या इंग्रजी नावापुढं ‘दररोज एक’ यायचं, तिथं उमटले सात रिकामे चौकोन, ‘रो’च्या मात्रेचा वेगळा धरून. तो पहिला कागद मी न बघताच पेठ गावाकडच्या एका बाईंना दिला. त्यांच्या सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी होती.

दुसरा कागद निघाला तेव्हा विलास शेजारीच होता. त्यानं चौकोन मोजले.

“मॅडम, त्यांना गोल मोजायची सवय आहे,” एवढंच म्हणाला, आणि आम्ही त्याच्या स्कूटरवरून सीबीएसला, एसटी स्टँडवर. पेठची बस सुटलेली. तिच्यामागं पेठ रोडला लागलो. नाक्याच्या पुढं त्यानं स्कूटर बससमोर आडवी घातली. ड्रायव्हरनं आमचा यथेच्छ उद्धार केला. आत म्हाताऱ्याच्या तळहातावर गोळ्या मांडलेल्या, बाई पाण्याची बाटली उघडत होत्या.

“सात खाने हायेत ना, मंग सात काढल्या,” त्या म्हणाल्या.

विलासनं सहा गोळ्या उचलून पाकिटात टाकल्या आणि पाकिटावर पेनानं एक गोल काढला. चूक आम्हा दोघांची, पण वरिष्ठांपुढं त्यानं एकट्यानं अंगावर घेतली. तेव्हा मी गप्प बसले, याची लाज मला आजही वाटते. पुढं छापलेला प्रत्येक कागद आधी मोठ्यानं वाचायचा, मगच द्यायचा, असा त्याचा दंडक. आम्ही त्याला ‘पोथीवाले’ म्हणून चिडवायचो.

परवा वहिनींबरोबर त्याच्या मृत्यूचा दाखला आणायला गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, “नीट बघून घ्या.” मी तिथंच मोठ्यानं वाचायला लागले. नाव बरोबर, पत्ता बरोबर, तारीख बरोबर... एखादं अक्षर चुकलेलं निघालं असतं, तर तो कागद तिथंच परत करून आले असते.