भावजींच्या उपरण्याची गाठ

भावजी गेल्याचं कळलं तेव्हा मी विहिरीवर होते. शेजारच्या पारूबाई धावत सांगायला आल्या. "अहो, सकाळी तर चहा मागून घेतला त्यांनी!" मी म्हटलं... आणि दोर तसाच हातात धरून खाली बसले. पुढे वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं, माजी खासदार, उत्तम वक्ते वगैरे. ते खरंच आहे. पण माझे ते धाकटे दीर, भाकरी करपली की पहिली थट्टा करणारे, आणि मी बसले होते ती विहीर गावाला राखून देणारे.

पहिल्या निवडणुकीत ते बैलगाडीतून पार चाकणपर्यंत हिंडले, घसा बसवून घेतला आणि निवडून आले. गावाला वाटलं, आता दिल्ली घरचीच! थोड्याच दिवसांत पिंपरीच्या बाजूला कारखान्यासाठी जमिनीची मोजणी सुरू झाली. पोरांना नोकऱ्या लागणार म्हणून आम्ही खूश होतो. पण कुंपणाचे खुंट ठोकले ते नेमके गोड्या पाण्याची आमची एकुलती विहीर आत घेऊन. म्हणजे भर उन्हाळ्यात बायकांनी नदीपर्यंत पायपीट करायची. भावजी गावी आले तशा आम्ही सगळ्याजणी त्यांच्यापुढे जाऊन बसलो.

"प्रयत्न करतो," ते म्हणाले.

"भावजी, प्रयत्नाचं पानी हंड्यात पडत न्हाई," मी म्हटलं. "बेलभंडार उचला."

खंडोबापुढे बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. दुसरा एखादा पुढारी हसून सुटला असता. भावजींनी भंडारा उचलला आणि शब्द पुरा होईस्तोवर म्हणून त्यातला चिमूटभर उपरण्याच्या टोकाला बांधून घेतला.

त्या गाठीसकट ते दिल्लीला गेले. भर लोकसभेत आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांना त्यांनी या विहिरीवरून धारेवर धरलं, आणि तेही पुन्हापुन्हा. शेवटी कुंपण वळसा घालून गेलं, विहीर गावाची राहिली... आणि पुढच्या खेपेला पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. "एका विहिरीपायी दिल्ली घालवली," असं चावडीवरचे लोक त्याच विहिरीचं पाणी पिऊन म्हणायचे, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भावजी मात्र हसायचे. "वहिनी, दिल्लीचं पानी मला सोसतच नव्हतं." भरली घागर घेऊन घरी येताना दर खेपेला मला त्यांचे उपकार आठवतात. तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

"शब्द पुरा झाला, आता गाठ सोडा की," एकदा मी म्हटलं होतं.

"कुंपनाला पाय फुटत्यात, वहिनी. ऱ्हाऊ द्या."

सुतक फिटल्यावर घरातले कपडे धुवायला काढले. माजघरात खुंटीवर उपरणं तसंच होतं, गाठीसकट. मी जाऊबाईंकडे पाहिलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आक्का, तुमच्यापायी बांधलीया ती. तुमीच सोडा."

सोडली. आतला भंडारा अजून पिवळाधमक होता. कारखाना वाढणार, नवी मोजणी येणार, असं हल्ली चावडीवर बोलतात. मी तो भंडारा सांडू दिला नाही. माझ्या पदराच्या टोकाला बांधला, गाठ आवळली आणि घागर घेऊन पाण्याला गेले.