पालथा फोन

रविवारी दुपारी मी आणि लेक मटार सोलत होतो. तिने फोनवर एक जुनी श्रुतिका लावली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, "बाबा, यात बघायला काही नाहीये, नुसतं ऐकायचंय."

श्रुतिकेत दार करकरलं. चपला ओढत एक बाई जिना चढू लागली. मला ती नऊवारीत दिसली, लेकीला पंजाबी ड्रेसमध्ये. दोघांचंही बरोबर होतं.

लहानपणी आई म्हणायची, "रेडिओकडे काय बघता, कानांनी ऐका." तरी आम्ही भावंडं त्याच्या जाळीवरून नजर हलवायचो नाही.

थोड्या वेळाने पाहिलं, तर लेकीच्या हातातली शेंग तशीच होती आणि ती पालथ्या फोनकडे टक लावून बघत होती. तिच्या वाटचे मटार मी गुपचूप सोलून टाकले.