मास्तरांच्या बिघडलेल्या नोटा

"बिघडलीय, पण खरी हाय," असं म्हणत मास्तरांनी नोट खिडकीच्या उजेडात धरली, की मी समजायचो, आज गाडी उशिरा पोचणार.

मास्तर म्हणजे आमचे कंडक्टर. मी ड्रायव्हर. औरंगाबाद ते देवगाव रंगारी, वर्षानुवर्षं आम्ही एकाच गाडीवर घासलो. तुम्ही त्या गाडीतून कधी उभ्यानं गेला असाल, तर काखेत बॅग मारून नोटा उलटसुलट बघणारा तो किडकिडीत माणूस तुम्हीही पाहिला असेल. छपाईत बिघडलेल्या नोटा जमवायचा त्यांना नाद. कुठं एका बाजूला नंबरच नाही, कुठं शाई फराटलेली, कुठं कापताना कोपरा दुमडून जास्तीचा कागद राहिलेला. अशी नोट हाती आली की खिशातली चांगली नोट बॅगेत टाकायचे आणि ही शर्टाच्या आतल्या खिशात.

बरं, गुपचूप घ्यावी ना! नाही. आधी प्रवाशाला सांगणार, "काकू, ही बिघडलेली छापलीय. ठेवून घ्या, पुढंमागं किंमत येईल." एकदा एका म्हातारीनं त्यावरून गाडी डोक्यावर घेतली. "मी काय खोटी नोट चालवती व्हय रं?" शेवटी गाडी बाजूला घेऊन मला मागं जावं लागलं. म्हातारीनं नोट ओढून घेतली आणि कनवटीची चिल्लर मास्तरांच्या हातावर आदळली. पुढचा सगळा रस्ता मास्तर तोंड पाडून बसले. गाडी चालवून माझी कंबर इतकी धरली होती की मला धड हसताही येईना.

वहिनींचे, म्हणजे मास्तरांच्या बायकोचे, गुडघे गेले होते. घर वरच्या मजल्यावर. जिना बसत बसत उतरायच्या. ऑपरेशनला पैसा कुठून आणायचा, ह्या काळजीनं मास्तर पार वाळले होते. तेवढ्यात नोटा जमवणारा एक शौकीन भेटला. फोटो बघून त्यानं चांगली रक्कम कबूल केली. मास्तर डेपोत धावत आले. "झालं बघ तिच्या गुडघ्यांचं!"

व्यवहार औरंगपुऱ्यातल्या एका हॉटेलात ठरला. आदल्या दिवशी आम्ही गाडीवर. आणि घरी वहिनींनी काय करावं? त्यांच्याकडं जपायची रीत म्हणजे लॅमिनेशन. रेशनकार्ड, पोरांची गुणपत्रकं, सगळं प्लास्टिकात. गिऱ्हाइकापुढं नोटा चुरगळलेल्या दिसू नयेत म्हणून बाईंनी आधी इस्त्री फिरवली. मग ते गुडघे ओढत झेरॉक्सच्या दुकानात गेल्या आणि एकूण एक नोट प्लास्टिकात पक्की करून आणली. सकाळी पाकीट बांधून मास्तरांच्या हातात दिलं.

शौकिनानं हॉटेलात आम्हा दोघांसमोर पाकीट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे काय केलंत? उकलायला गेलं तर कागद सोलून येतो. आता ह्या माझ्या कामाच्या नाहीत." चहा तसाच टाकून तो उठून गेला.

मास्तरांनी एकेक नोट परत पाकिटात भरली आणि माझ्याकडं वळले.

"तिला सांगू नको."

"मग काय सांगणार?"

"माझंच मन झालं नाय म्हणतो. विकवेना म्हणतो."

"येडे झालात का? जन्मभर बोलणी खाल."

"खाईन. लई हौसेनं केलंय रे तिनं. गुडघे दुखतात तेवढं बास की."

खाल्लीच बोलणी. वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्यांना बायकोपेक्षा कागद प्यारे!" मास्तर समोरच बसून खाली बघत हसायचे. मला असा संताप यायचा! कितीदा माझ्या जिभेवर आलं, पण ते डोळ्यांनीच दटावायचे. मग मी त्यांच्या घरी जाणंच कमी केलं.

मास्तर गेले. मीही आता रिटायर होऊन घरी बसलोय. परवा वहिनींना भेटायला गेलो, तर भिंत धरत बाहेर आल्या आणि ते पाकीट माझ्यापुढं ठेवलं.

"आता तरी विकून टाका, भाऊजी. त्यांच्यानं तर काही झालं नाही. बघा, मी अजून कशा करकरीत ठेवल्यात."

खरंच करकरीत होत्या. मी पाकीट परत त्यांच्यापुढं सरकवलं.

"आता कुणी घेत नाही हो, वहिनी. भाव पडला."

"म्हणजे तेव्हाच विकल्या असत्या तर..."

"व्हय," मी म्हणालो. "लई हट्टी होते मास्तर."