मेडिकलमध्ये पास व्हायचं म्हणून

आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत कामगारांचं वर्षातून एकदा मेडिकल होतं. तारीख आधीच नोटीस बोर्डावर लागते, आणि ती लागली की बदलापुरात आमच्या घरी दहावीचं वर्ष सुरू होतं. परीक्षेला बसणारा एकच, माझा नवरा. पन्नाशी उलटलेला.

सकाळी कारल्याचा रस. तो मीच काढायचा, आणि पिताना यांनी तोंड असं करायचं की मीच विष कालवलंय. रात्री मेथीचं पाणी. भाजीत मीठ नको, चहात साखर नको, आणि मित्रांबरोबर 'बसायचं' तर नावच नको. एरवी मी डोकं आपटलं तरी ज्याच्या हातातली भज्यांची प्लेट सुटत नाही, तो माणूस मेडिकलच्या नावाने साधू होतो. अख्खी शिफ्टच तशी. फोनवर एकमेकांना विचारतात, "तुझं बीपी किती आलं रे?"

शिवाय फुंकण्याची टेस्ट असते. नळीत जोरात फुंकायचं, मशीन फुप्फुसांची ताकद सांगतं. त्यासाठी हा गडी उल्हासनगरच्या बाजारातून फुगे घेऊन आला. संध्याकाळी सोफ्यावर बसून फुगवायचा, तोंड लालबुंद. शेजारणीने विचारलं, "कोणाचा वाढदिवस?" मी म्हटलं, "आमच्या बाळाचा."

हसत होते, पण आतून जळत होते. हा पावडरीच्या गोण्या रिकाम्या करायच्या खात्यात कामाला आहे, आणि दोन वर्षं झाली, याला जिना चढवत नाही. दुसऱ्या मजल्यावर थांबतो, मोबाईल काढून बघत बसतो. मी वर दार उघडून उभी असते, मला सगळी धाप ऐकू येते. विचारलं की, "काही नाही गं, उकडतंय." अनफिटचा शिक्का बसला तर घरी बसवतील, ही भीती मला कळत नाही का? कळते. पण कागदावर नॉर्मल लिहून आलं की छाती नॉर्मल होते का, मेल्या?

यंदाही पास झाला. त्याच संध्याकाळी सगळी गँग धाब्यावर. मटण, आणि त्याच्याबरोबर जे लागतं ते. घरी येऊन मला ऐटीत म्हणतो, "सगळं नॉर्मल!" माझं डोकंच फिरलं. सकाळी उठून उल्हासनगरच्या एका लॅबला फोन लावला. पलीकडची सिंधी बाई म्हणाली, "कपल पॅकेज है, लेंगे?" म्हटलं, "लेंगे." ती म्हणाली, "कल सुबह, खाली पेट."

नवऱ्याला सांगितलं, माझं चेकअप आहे, सोबत चला. सकाळी चहा टाकलाच नाही. "मी उपाशी आणि तुम्ही माझ्यासमोर चहा ढोसणार? लाज वाटू द्या जरा." आला बिचारा, गाल फुगवून.

काउंटरवर त्याचंही नाव पुकारलं तेव्हा माझ्यावर डोळे वटारले. "अगं, माझं परवाच झालंय! पास आहे मी."

"मग घाबरता कशाला? परत व्हा."

रक्त काढून झालं. मग ती नळी आली. हा ताठ बसला, माझ्याकडे बघितलं आणि फुंकला. तिथल्या मुलीने मान हलवली, "अंकल, पूरा फुंको." दुसऱ्यांदा फुंकला. तिसऱ्यांदा खोकला आला आणि त्याने टेबल धरलं. माझ्या जिभेवर टोमणा तयारच होता.

खाली बघत म्हणाला, "कंपनीत माझ्या जागी दुसऱ्याने फुंकलं. गेल्या वर्षीही त्यानेच. मला दम पुरत नाही गं."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघावं म्हणून दोन वर्षं भांडले. आणि निघालं तेव्हा वाटलं, मरू दे, नसतं ऐकलं तर बरं झालं असतं. कोणी सांगितलं होतं मला तो फोन करायला?

मुलीने त्याला डॉक्टरकडे जायची चिठ्ठी दिली आणि नवी नळी लावली. "अब आंटी, आप."

"मुझे नहीं चाहिए."

"पॅकेज में है ना, आंटी."

बसले. नळी तोंडात धरली. श्वास घेतला, तो घशातच अडकला. नाक वाहायला लागलं. परत घेतला, परत तेच. मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "आंटी, आपका तो अंकल से भी कम आ रहा है."

मागून नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "मॅडम, हिचं थोड्या वेळाने घ्या," तो म्हणाला. "दम लई आहे हिला. आत्ता रडतेय म्हणून येत नाही."