बांधावरची वाट आणि समीरचं गाणं

समीर, झोया,

आम्ही टाकवं सोडलं त्या दिवशी तुम्ही दोघंही तिथं होता. झोया आईच्या मांडीवर झोपली होती, तिला काही आठवायचं नाही. समीर, तू टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसला होतास आणि रडत होतास. शेजारच्या गोठ्यातलं रेडकू सोडून तुला कुसगावला यायचं नव्हतं. सामान चढवून झालं होतं. शेजारच्या बबनआबांच्या बायकोनं, फुलाबाईनं, तांदळाचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "तितं इकतचं खाऊ नगा, भाबी. संपलं की सांगा." सगळे बसले तरी तुमचे आजोबा कुठं दिसेनात. ते बबनआबांबरोबर शेतात गेले होते. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून कंटाळला. इरफाननं, म्हणजे तुमच्या पप्पांनी, तेवढ्यात टेम्पोजवळूनच एक फोटो काढला. बबनआबा हात लांब करून उभे आहेत आणि तुमचे आजोबा त्यांच्यासमोर मान खाली घालून. मग आजोबा आले, चपलेचा चिखल दगडावर घासला, पुढं बसले आणि आम्ही निघालो.  

तो फोटो इतक्या वर्षांनी मला पुन्हा दिसला तो समीरच्या गाण्यावर.

आधी थोडं सांगते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, पुढं लोणावळ्यात मी इंग्रजीच शिकवलं. मला नवं काही ऐकायचा कंटाळा नाही. कुसगावात शनिवार-रविवारी बंगल्यांवर पाहुणे येतात, त्यांच्या गाड्यांमधून जे दणदणतं तेवढंच हिप-हॉप मला बरीच वर्षं माहीत होतं आणि त्याने माझ्या खिडकीच्या काचा हलत, एवढंच माझं त्याच्याबद्दल मत होतं. ते मत बदललं बेगडेवाडी स्टेशनवर. माझ्या जुन्या सहकारी बाईंना भेटून मी परतत होते. फलाटाच्या टोकाला पाच-सहा पोरं गोल करून उभी होती, एक तोंडानेच ठेका धरत होता आणि दुसरा बोलत होता. कंपनीतल्या कंत्राटी नोकरीबद्दल, सुपरवायझरबद्दल, दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा नवं म्हणून घेतात त्याबद्दल. शब्द रांगडे होते, पण प्रत्येक वाक्य त्याचं स्वतःचं होतं. माझ्या वर्गात अशाच पोरांकडून चार ओळींचा निबंध मागितला की ते छताकडं बघत. मी माझी लोकल सोडली आणि पुढच्या गाडीपर्यंत ऐकत बसले. एकानं विचारलंसुद्धा, "आज्जी, कसं वाटलं?" मी म्हणाले, "शिव्या कमी केल्यास तर दम वाढेल." तो म्हणाला, "आज्जी, सुपरवायझर बगितला न्हाई तुमी." सगळे हसले. मीही हसले.

म्हणून समीरनं लेस्टरहून फोन करून, "दादी, मी आता रॅप करतो, टाकव्यावर ट्रॅक केलाय," असं सांगितलं तेव्हा मला आनंदच झाला. तिथं, समीर, तुला लहानपणापासून सगळे विचारत आले की तू मूळचा कुठला. हिप-हॉपमध्ये तर म्हणे ते सांगावंच लागतं, आपण कुठून आलो ते. ते न सांगणारा खोटा. तुझी ही गरज मला समजते. माझी तक्रार पुढं आहे.

गाणं बरंचसं इंग्रजीत आहे, त्यामुळं टाकव्यात फार कुणाला समजलं नसतं. पण मध्ये मध्ये मराठीत एकच ओळ येते, "आमची माती, त्याचा हात". आणि गाण्याच्या दर्शनी चित्रावर इरफाननं काढलेला तो फोटो. एक माणूस हात दाखवून हाकलतोय आणि एक म्हातारा मान घालून उभा आहे, असं कुणीही म्हणेल. बबनआबांचा चेहरा अगदी स्पष्ट आलाय.

गावात ते पोचायला कितीसा वेळ लागणार? आबा चहाच्या टपरीवर गेले की पोरं स्पीकरवर तेच लावायची. "आबा, तुमी तर इंग्लंडात फेमस." "आबा, आमच्याबी जमिनीकडं हात करा की एकदा." टाकव्यात आपली मुसलमानांची घरं मोजकी, सगळ्यांशी पिढ्यान्पिढ्यांचं चांगलं. बाहेरगावच्या लोकांनी गाण्याखाली दोन्ही बाजूंनी जे लिहिलं ते मी इथं उतरवून काढणार नाही. ते वाचून मला भीती वाटली, हे मात्र लिहिते. तुम्हाला तिकडं त्या ओळी म्हणजे नुसते कमेंट. इथं माणसं सकाळी एकमेकांच्या तोंडासमोर येतात.

जमीन कुणी बळकावली नव्हती. आपण विकली. इरफानचं तिकडं जायचं ठरलं होतं, आजोबांना रेल्वेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती आणि कंबर वाकत नव्हती. बंगल्यांची स्कीम करणारे रोज गाडी घेऊन दारात यायचे. आजोबांनी ती बबनआबांना दिली, कारण त्यांना तिथं भातच हवं होतं. मागितली ती एकच गोष्ट. आपलं कब्रस्तान त्या खाचरांच्या पलीकडं, नदीकडच्या अंगाला आहे. तिकडं जायची वाट आपल्याच बांधावरून होती. डांबरी रस्ता लांबून वळसा घालतो आणि पावसाळ्यात मधला ओढा भरला की तोही बंद. नुसत्या बांधावरून माणूस एकटा जाईल, पण खांद्यावर जनाजा घेऊन माणसं जाणार कशी? त्या दिवशी टेम्पो थांबवून ते दोघं हेच ठरवत होते. आबा हात लांब करून विचारत होते की एवढी रुंद वाट पुरंल का. तुमचे आजोबा मान खाली घालून जमिनीकडं बघत होते, कारण वाट जमिनीवर असते.

यातलं कागदावर काहीच नाही. खरेदीखतात वाट लिहायची राहिली असं नाही, लिहावी असं दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात आबा रोपं लावताना बांधाच्या कडेची पट्टी मोकळी सोडतात. तेवढ्या भातावर ते दरसाल पाणी सोडतात. तुमच्या आजोबांना आम्ही त्याच वाटेनं नेलं, भर आषाढात, ओढा भरलेला असताना. आबा स्वतः पुढं चालत होते, कुठं निसरडं आहे ते सांगत. तुम्हाला तेव्हा रजा मिळाली नाही, म्हणून तुम्ही हे पाहिलं नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी लोकलनं कान्ह्याला उतरते, सहा आसनी रिक्षानं टाकव्याला जाते आणि कबरीवर फातिहा पढून येते. गाण्यानंतरच्या शुक्रवारी आबा बांधावरच बसले होते, हातात नातीचा फोन.

"भाबी, ह्यो मीच हाय न्हवं?"

मी म्हणाले, "आबा, पोराला माहीत नाही. मी सांगते त्याला."

"आमी तुमची माती घेतली व्हय?"

"नाही हो आबा."

"मग चोराच्या बांधावरनं कशाला जाता? डांबरी हाय की." आणि ते उठून विहिरीकडं गेले.

मी डांबरी रस्त्यानं गेले. त्या वळशानं माझे गुडघे भरून आले ते दोन दिवस तसेच होते.

घरी येऊन मी समीरला फोन लावला. तो म्हणाला, "दादी, ती स्टोरी आहे. मी सहा वर्षांचा होतो, मला जे दिसलं ते मी लिहिलं. ते माझं ट्रूथ आहे." मी त्याला सगळं समजावून सांगितलं, वाटेचं, जनाज्याचं, मोकळ्या सोडलेल्या पट्टीचं. तो मधून मधून 'हो दादी' म्हणत होता. मला वाटलं, उमगलं. मग म्हणाला, "दादी, हे तर फारच ब्युटिफुल आहे. यावर दुसरा ट्रॅक होईल." मी फोन ठेवला.

समीर, तू वाईट मुलगा नाहीस. पण मला हे कळत नाही की ज्या गाण्यांची सगळी ऐट खरं बोलण्यात आहे, त्यात समोरच्या माणसाला एकदा विचारून घ्यायची पद्धत का नाही. बेगडेवाडीचा तो पोरगा स्वतःच्या शिफ्टबद्दल बोलत होता. तुझ्या वाट्याला सुदैवानं तसं काही आलं नाही, तर तू दुसऱ्याच्या शेतात जाऊन दुःख शोधलंस. फोटो तू बदललास, पण कितीतरी दिवसांनी, आणि तोवर तो इतरांनी उचलला होता.

मग आबांच्या नातीनं, ऋतुजानं उत्तर दिलं. ती तळेगावला कंपनीत जाते आणि तीही हे करते हे मला माहीत नव्हतं. बांधावर उभं राहून फोनवर तिनं स्वतःच चित्रीकरण केलं. त्यातल्या दोन ओळी अशा आहेत:

तुझ्या आज्यानं इकली, माझ्या आबानं पिकवली
तू गानं रचलं, आमी वाट राखली

मी शिक्षिका म्हणून सांगते, समीर, तुझ्या सगळ्या गाण्यापेक्षा या दोन ओळी सरस आहेत. तुलाही ते पटलं. तू लगेच तिला लाल बदाम पाठवलेस, सगळ्यांना तिचं गाणं ऐकायला सांगितलंस आणि आता तुम्ही दोघं मिळून काहीतरी करणार आहात. मला फोन करून म्हणालास, "दादी, मिटलं सगळं. इट्स ऑल लव्ह." तुमच्यात असंच असतं म्हणे. एकानं डिवचायचं, दुसऱ्यानं परतवायचं, ऐकणाऱ्यांनी वाहवा करायची आणि मग हात मिळवायचे. चांगली रीत आहे. पण ती खेळणाऱ्यांच्यात. बबनआबा खेळायला उतरलेच नव्हते.

ऋतुजालाही मी हे बोलले. ती म्हणाली, "बाई, मी तर आबांच्या बाजूनं गायले, तरी आबा माझ्यावरच डाफरले." काय म्हणाले ते तिनं आबांच्याच आवाजात करून दाखवलं, "त्यानंबी मला गान्यात घातलं, तूबी घातलं. मला कुनी इचारलं? मी काय बैलगाडा हाय व्हय, कुनीबी जुंपायला?" आम्ही दोघी हसलो, पण ते बरोबर बोलले होते.

गेल्या आठवड्यात ऋतुजा कुसगावला माझ्याकडं येऊन गेली. नवा तांदूळ घेऊन आली होती. जाताना म्हणाली, "आबांनी निरोप दिलाय. म्हनले, बाईंना म्हनावं, वाट हाय तितंच हाय. उगं गुडघं कशाला दुखवायचं." मी तिला चहा पाजून पाठवलं. परवाच्या शुक्रवारीही मी डांबरी रस्त्यानंच गेले. आबा लांब खळ्यावर होते. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

तुम्हाला हा हट्ट वाटेल. झोया तर म्हणालीच, "दादी, त्यांनी बोलावलंय, मग जा ना." पण बेटा, त्यांनी मला माफ केलंय. मी तर काही केलंच नव्हतं. ज्यानं केलं त्यानं हजारो लोकांना सांगितलं आणि ज्याला सांगायचं त्याला अजून एक शब्द नाही. आबांचा नंबर मी तुला पाठवून किती दिवस झाले, समीर. तू म्हणतोस, माझी मराठी तेवढी चांगली नाही, मी काय बोलू. गाण्यापुरती होती की.

आम्ही टाकवं सोडलं, मग तुम्ही देश सोडलात. घर कशाला म्हणायचं याचा मी या दिवसांत बराच विचार केला. लेस्टरचं तुमचं घर मी पाहिलंय, छान आहे. कुसगावचं हे घर माझं आहे, कागद माझ्या नावावर आहे. टाकव्यात आपल्या नावावर आता काही नाही. तरी इतकी वर्षं ज्या एका ठिकाणी मला पाऊल टाकताना कुणाला विचारावं लागत नव्हतं, ते ठिकाण म्हणजे तो बांध होता. आता तिथं पाऊल टाकायला मला परवानगी मिळाली आहे. परवानगी मिळालेल्या जागेला घर म्हणता येत नाही, हे तुला तिकडं राहून माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

माझी जागा तुमच्या आजोबांच्या शेजारी आहे. मी उन्हाळ्यातच, ओढा कोरडा असतानाच जाईन असं काही ठरवून सांगता येत नाही. तेव्हा येत्या सुट्टीत या, दोघंही या. टाकव्याला चला, बबनआबांच्या ओट्यावर बसा, मोडक्या मराठीत जे जमेल ते बोला, ते जे बोलतील ते ऐकून घ्या, आणि कृपा करून काहीही रेकॉर्ड करू नका. मला खांद्यावर घेऊन तुम्हाला त्यांच्या शेतातून जायचं आहे. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा भेटू नका.

तुमची दादी